एक्सेप्ट, फुल जॉइन की बेरीज-वजाबाकी: दोन क्वेरींमधला फरक कशाने पकडायचा?

दूध संकलनाच्या दहा दिवसांच्या बिलाची एक जुनी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) होती, ओरॅकल या डेटाबेसवरची. एकीच्या पोटात दुसरी अशा सबक्वेरी, आणि रात्री लावली की सकाळपर्यंत चालणार. ती आम्ही पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नव्याने लिहिली आणि काही मिनिटांत व्हायला लागली. वेग मिळाला. प्रश्न उरला तो एवढाच की दोन्ही क्वेरींचं उत्तर तेच येतं का?

ओळींची संख्या जुळली आणि एकूण रकमेची बेरीज जुळली, म्हणून क्वेरी लाइव्ह करणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. एका सभासदाचे 200 रुपये दुसऱ्याच्या नावावर गेले तरी संख्या तीच राहते आणि बेरीजही तीच राहते. तुलना ओळीला ओळ लावूनच करावी लागते. त्यासाठी एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, चार-पाच वाटा आहेत आणि प्रत्येक वाट वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. कोणती घ्यायची हे ठरवणाऱ्यासाठी त्या शेजारी-शेजारी मांडतो.

एक्सेप्ट: सगळ्यात सोपं, आणि म्हणूनच सांभाळून

पहिली क्वेरी, मध्ये एक्सेप्ट, मग दुसरी क्वेरी. पहिलीत आहेत पण दुसरीत नाहीत त्या ओळी मिळतात. ओरॅकलवाले याला मायनस म्हणतात; 21सी आवृत्तीपासून तिथे एक्सेप्ट हा शब्दही चालतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे 2005 पासून आहे. मायएसक्यूएलला मात्र 8.0.31 पर्यंत, म्हणजे 2022 पर्यंत थांबावं लागलं. मारियाडीबीत ते 10.3 पासून आहे.

एक्सेप्टचा मोठा गुण म्हणजे ते नल, म्हणजे किंमतच नसलेली जागा, सांभाळतं. एरवी नल बरोबर नल हे खरंही नसतं आणि खोटंही नसतं, पण एक्सेप्ट दोन नलना सारखंच धरतं. कॉलम वीस असोत की ऐंशी, एकेकाची तुलना लिहीत बसावी लागत नाही. फक्त कॉलम जुळवले जातात ते नावाने नाही, जागेने. दोन्हीकडे स्टार (म्हणजे सगळे कॉलम) टाकला आणि नव्या टेबलात कॉलमांचा क्रम वेगळा असला, तर फॅटची तुलना एसएनएफशी (दुधातल्या फॅट सोडून बाकी घन पदार्थांशी) होईल आणि एरर येणार नाही, कारण दोन्ही आकडेच आहेत. कॉलमांची नावं हाताने लिहा.

दोन्ही बाजूंचा फरक एकाच क्वेरीत काढायला गेलं की इथे हमखास पाय घसरतो. आपण लिहितो:

अ एक्सेप्ट ब युनियन ऑल ब एक्सेप्ट अ

युनियन ऑल म्हणजे दोन निकाल एकाखाली एक जोडणं. वाचताना वाटतं, आधी दोन एक्सेप्ट होतील, मग युनियन. पण दोघांचा अग्रक्रम सारखा आहे, त्यामुळे हिशोब डावीकडून उजवीकडे होतो. समजा अ मध्ये 1, 2, 3 आहेत आणि ब मध्ये 2, 3, 4. पहिल्या एक्सेप्टनंतर 1 उरला. त्यात ब मिळवला की 1, 2, 3, 4. त्यातून अ वजा केला की हातात फक्त 4. जुन्या क्वेरीत असलेला आणि नवीतून गळालेला 1 पूर्ण नाहीसा झाला, आणि नेमका तोच तर शोधायचा होता. प्रत्येक एक्सेप्टला स्वतःचा कंस द्या. एसक्यूएलाइटमध्ये असा नुसता कंस चालत नाही. तिथे प्रत्येक भाग फ्रॉममध्ये सबक्वेरी म्हणून घालावा लागतो.

पण एक्सेप्टचा खरा धोका वेगळा आहे, आणि त्याचा फटका मी खाल्लाय. एडगर कॉडने 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं ते संचांवर. संचात एक गोष्ट एकदाच असते. एसक्यूएलच्या टेबलात मात्र तीच ओळ दहादा असू शकते. साधं एक्सेप्ट संचासारखं वागतं, म्हणजे आधी डुप्लिकेट काढतं आणि मग वजाबाकी करतं. आमच्या एका सभासदाने सकाळच्या पाळीत दोन कॅन घातले होते. दोन्ही कॅन 6.5 लिटर, दोन्हींचं फॅट 3.8, एसएनएफ 8.5. पावती क्रमांक क्वेरीत नव्हता. त्यामुळे जुन्या क्वेरीत हुबेहूब सारख्या दोन ओळी होत्या. नवीत जॉइनमुळे (दोन टेबलं जोडल्यामुळे) वाढलेल्या ओळी काढायला कुणीतरी डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या ओळींतली एकच ठेवणारा शब्द, टाकला होता, त्यात दुसरा कॅनही गेला. आम्ही दोन्ही बाजूंनी एक्सेप्ट लावलं. जे फरक दिसले ते दुरुस्त केले, निकाल रिकामा आला, आणि आम्ही क्वेरी लाइव्ह केली. दहा दिवसांनी ते काका दोन्ही पावत्या हातात घेऊन आले. एका कॅनचे 226 रुपये त्यांना मिळालेच नव्हते.

यावर उत्तर म्हणजे एक्सेप्ट ऑल. डावीकडे ओळ तीनदा आणि उजवीकडे एकदा असेल तर ती दोनदा परत देतं. पोस्टग्रेसमध्ये ते आहे. मायएसक्यूएलमध्ये 8.0.31 पासून, मारियाडीबीत 10.5 पासून आणि ओरॅकलमध्ये 21सी पासून मिळतं. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएलाइट यांच्याकडे ते नाही.

बेरीज-वजाबाकी: माझा कल इकडे

जुन्या क्वेरीच्या प्रत्येक ओळीला +1 लावा, नवीच्या प्रत्येक ओळीला -1. दोन्ही युनियन ऑलने एकत्र करा, सगळ्या कॉलमांवर ग्रुप बाय करा, म्हणजे सारख्या ओळींचे गट करा, आणि हॅविंगमध्ये म्हणा की बेरीज शून्य नसलेलेच गट दाखव. संपलं. दोन्हीकडे सारखी असलेली ओळ शून्य होऊन गळून पडते. ग्रुप बायसुद्धा नलना एकाच गटात टाकतं, त्यामुळे नलची भीती नाही. डुप्लिकेट मोजल्या जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे जुन्या-नव्या कुठल्याही डेटाबेसवर चालतं. ज्या मायएसक्यूएल 5.7 मध्ये एक्सेप्टही नाही आणि फुल जॉइनही नाही, तिथेसुद्धा.

आमचे तेच आकडे या पद्धतीने पहिल्या दिवशी लावले असते, तर हे दिसलं असतं:

| सभासद | तारीख | पाळी | रक्कम | फरक |
|---|---|---|---|---|
| 118 | 2 जून | सकाळ | 226 | +1 |
| 204 | 3 जून | संध्याकाळ | 412 | -1 |
| 204 | 3 जून | संध्याकाळ | 413 | +1 |

पहिली ओळ म्हणजे तो गेलेला कॅन: जुन्यात दोनदा, नव्यात एकदा, शिल्लक +1. खालच्या दोन ओळी म्हणजे एकाच नोंदीची रक्कम बदललेली. सभासद आणि तारखेवर ऑर्डर बाय लावलं की अशा जोड्या आपोआप एकाखाली एक येतात.

204 क्रमांकाच्या रुपयाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 12.5 लिटर, दर 33 रुपये, म्हणजे 412.50. ओरॅकलच्या नंबर प्रकारात राउंड केलं की 413 येतात. पोस्टग्रेसमध्येही न्यूमेरिक (दशांश अचूक ठेवणारा प्रकार) असेल तर 413. पण नव्या टेबलात कुणीतरी रक्कम डबल प्रिसिजन (दशांश अंदाजे ठेवणारा प्रकार) ठेवली होती, आणि पोस्टग्रेस त्या प्रकारात बरोबर अर्ध्यावरचा आकडा सहसा जवळच्या सम संख्येकडे नेतं: 412. सूत्र तेच, डेटा तोच, आणि सभासदाचा एक रुपया कमी. पैशाच्या कॉलमला न्यूमेरिकच ठेवा.

या पद्धतीतली उणीव अशी की कॉलम चाळीस असतील आणि त्यातला एकच बदलला असेल, तर दोन लांबलचक ओळी डोळ्यांनी ताडून पाहाव्या लागतात. तिथे पुढची वाट घ्यावी.

फुल आउटर जॉइन: काय बदललं ते पाहायला

हा जॉइन दोन्हीकडच्या ओळी कीवर, म्हणजे ओळ ओळखणाऱ्या कॉलमांवर, जुळवून शेजारी ठेवतो आणि न जुळलेल्याही दाखवतो. ही की माहीत असेल तर याच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसरं कुणी देत नाही. जुनी रक्कम, शेजारी नवी रक्कम, जुनं फॅट, शेजारी नवं फॅट. डावी बाजू नल असेल तर ओळ नव्याने आलेली, उजवी नल असेल तर गळालेली, दोन्ही भरलेल्या आणि किमती वेगळ्या असतील तर बदललेली. अकाउंट्सच्या माणसाला दाखवायला हाच निकाल न्यावा.

पण ती की खरोखर युनिक हवी, म्हणजे एका किमतीला एकच ओळ. आमच्या उदाहरणात सभासद, तारीख आणि पाळी अशी की घेतली असती, तर दोन कॅनवाल्या काकांची नवी एकच ओळ जुन्या दोन्ही ओळींना जुळली असती आणि फरक काहीच नाही असंच पुन्हा दिसलं असतं. दोन्हीकडे दोन-दोन ओळी असत्या तर चार झाल्या असत्या. म्हणून जॉइनच्या आधी दोन्ही बाजूंना कीवर ग्रुप बाय करून एकपेक्षा जास्त काउंट कुठे येतो ते बघा. एक मिनिटाचं काम आहे. पावती क्रमांकासारखी खरी की उपलब्ध असेल तर ती क्वेरीत आणाच.

दुसरी काळजी नलची. रक्कम बरोबर नाही अशी साधी अट लिहिली तर एकीकडे नल आणि दुसरीकडे 226 असलेली ओळ सुटून जाते. पोस्टग्रेसमध्ये इज डिस्टिंक्ट फ्रॉम वापरा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते 2022 च्या आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएलमध्ये नल सांभाळणारं बरोबरचं वेगळं चिन्ह आहे, लहान-बरोबर-मोठं असं सलग लिहायचं, त्याच्या आधी नॉट लावा. कीमध्येच नल असेल तर पोस्टग्रेसच्या फुल जॉइनच्या अटीत नुसतं इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम चालत नाही, एरर देतं. तिथे कोअलेस करून नलला एखादी अशक्य किंमत द्यावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही. लेफ्ट जॉइन एकदा, उलट बाजूचा न जुळलेला भाग एकदा, आणि मध्ये युनियन ऑल. एसक्यूएलाइटमध्ये 3.39 पासून मिळतो.

नॉट एक्झिस्ट्स, नॉट इन आणि हॅश

फक्त कोणते सभासद गळाले एवढंच हवं असेल तर नॉट एक्झिस्ट्स पुरेसं आहे, वेगही चांगला मिळतो. लेफ्ट जॉइन करून उजवीकडची की इज नल पाहणं हेही तेच काम करतं. पोस्टग्रेस दोन्हींचा प्लॅन अँटी जॉइनच (न जुळलेल्या ओळी शोधणारा) बनवू शकतं. फक्त उजव्या टेबलावरच्या बाकी अटी ऑनमध्ये ठेवा, व्हेअरमध्ये नेल्या की न जुळलेल्या ओळीच उडतात.

नॉट इन या कामासाठी वापरूच नका. आतल्या सबक्वेरीत एक जरी नल आला तरी संपूर्ण निकाल रिकामा येतो, आणि फरक शोधताना रिकामा निकाल म्हणजे सगळं ठीक असाच अर्थ आपण लावतो.

हॅश (डेटावरून काढलेला छोटा ठसा) कामाचा आहे तो टेबल प्रचंड असेल किंवा दोन सर्व्हर लांब असतील तेव्हा. महिन्याचे किंवा कीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा हॅश दोन्हीकडे काढायचा आणि जुळत नसेल तेवढ्याच तुकड्यात खोल जायचं. कॉलम चिकटवताना मध्ये विभाजक टाका, नाहीतर 11 आणि 8 यांची जोडी 1 आणि 18 सारखीच दिसते. नलसाठी वेगळी खूण ठेवा.

तुलनेच्या आधी

ओरॅकलमधून पोस्टग्रेसकडे येणाऱ्यांना दोन गोष्टी नक्की अडवतात. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. आणि ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. हे आधी सरळ केलं नाही तर प्रत्येक ओळ वेगळी दिसेल आणि खरा फरक त्या गर्दीत हरवेल.

मराठी नावं असतील तर आणखी एक. कऱ्हाड हे गावाचं नाव दोन तऱ्हांनी टाइप झालेलं सापडतं: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना करायच्या नियमांत) मात्र दोन वेगळी गावं. पोस्टग्रेस 13 पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, पण ते इथे उपयोगी पडत नाही. ते र अधिक नुक्ता यांचा ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. रिप्लेस लावूनच एक रूप करावं लागतं. याउलट एसक्यूएल सर्व्हरवर केस न पाहणारं कोलेशन असेल तर इंग्रजी लिपीतला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक एक्सेप्टला दिसतच नाही.

दोन्ही क्वेरी चालवताना मध्ये संध्याकाळचं संकलन सुरू झालं तर खोटे फरक येतील. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही एकाच स्टेटमेंटमध्ये ठेवल्या की दोघींना एकच स्नॅपशॉट, म्हणजे डेटाचं एकाच क्षणाचं चित्र, मिळतो. आजची तारीख देणारी फंक्शनं काढून ठरावीक तारखा लिहा.

मग कोणती?

पैसे, साठा, हजेरी असा विषय असेल आणि निकाल जुळतो का एवढंच ठरवायचं असेल, तर बेरीज-वजाबाकी लावा. फरक सापडले असतील, ओळींची की युनिक असेल आणि कारण शोधायचं असेल, तर त्याच ओळींवर फुल आउटर जॉइन. डेव्हलपमेंट करताना दिवसातून वीसदा पटकन पाहायचं असेल तर एक्सेप्ट, आणि एक्सेप्ट ऑल असेल तर तेच. एसक्यूएल सर्व्हरवर असाल तर साध्या एक्सेप्टवर शेवटचा निर्णय सोडू नका.

निकाल रिकामा आला की लगेच उठू नका. नव्या क्वेरीचा निकाल एका तात्पुरत्या टेबलात ओता आणि त्यात तीन गोष्टी मुद्दाम बिघडवा: एका ओळीची रक्कम नल करा, एक ओळ दोनदा टाका, एक ओळ उडवा. तुलना पुन्हा चालवा. रक्कम नल केलेली ओळ बेरीज-वजाबाकीत जोडीने येते, म्हणून चार ओळी दिसायला हव्यात. तीनच दिसल्या तर कोणती नाही ते बघा. आता आम्ही दर बिलाच्या बदलाला हे करतो, आणि दुबार ओळीसाठी 118 क्रमांकाचीच नोंद घेतो.