परसबागेचा तयार ठिबक संच: खोक्यावरचा आकडा आणि वाफ्यातलं पाणी

तालुक्याच्या कृषी केंद्रांत मिळणाऱ्या या संचात 16 मिमीची काळी नळी, झाडापाशी थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर, जाळीचा फिल्टर, सांध्यातली गळती थांबवणारं रबरी ग्रोमेट, नळीचे तुकडे जोडणारे जॉइनर, नळीचं टोक बंद करणारे आठच्या आकाराचे एंड कॅप आणि भोक पाडायचा पंच येतो. ड्रम आपला. सामान बरं आहे, पण ड्रिपरवर लिहिलेले ताशी 4 लिटर विसरा. तो आकडा 1 किलो दाबाचा, म्हणजे 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा. पाण्याची पातळी ड्रिपरपेक्षा 1 मीटर वर असेल तर सव्वा लिटरच पडतं. तासाभरात कॉक बंद केला तर मे महिन्यात वांगी, भेदरं (टोमॅटो) माना टाकणारच. ड्रम विटांच्या मीटरभर उंच ओट्यावर ठेवा आणि तीनेक तास चालू द्या. 200 लिटरमध्ये चाळीसेक झाडं निघतात. दुकानदार महागडे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर पुढे करतो. ते नको, इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत.

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात, खरी परीक्षा. तिथल्या विहिरीच्या पाण्यानं ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि ओळीतली एकदोन झाडं कोरडी राहतात. म्हणून खोलता येणारा ड्रिपरच घ्यावा. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला की चुन्याचा थर सुटतो. नळीच्या आत बसवलेल्या ड्रिपरचं असं काही करता येत नाही. ड्रिपरखालच्या ओल्या गोलाच्या काठावर साचलेलं मीठ पहिल्या हलक्या सरीनं मुळांकडे सरकतं, तेव्हा पाऊस आला म्हणून ठिबक लगेच बंद करू नका.

काळ्या मातीत पाणी बाजूला चांगलं पसरतं, पण ड्रिपर भेगेवर आला तर सगळं खाली. भेगा बुजवून वर तूर-सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) अंथरा.

मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) फेकून पेरणाऱ्यांनी हा संच घेऊच नये; त्यांना झारीच बरी. पांढरा, उजेड आत जाणारा ड्रम असेल तर पोतं गुंडाळा, नाहीतर शेवाळ फिल्टरमध्ये अडकतं. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा, एंड कॅप उघडून नळीतला गाळ काढा. खारुताया नळी कुरतडतात आणि खोक्यात जॉइनर मोजकेच असतात. चारपाच जास्तीचे तेव्हाच मागून घ्या.