गोचं स्लॉग: लेव्हल चारच, त्यातली एक तरी जास्तच

वर्षभर झालं गो भाषेतलं स्लॉग वापरून राहिलो, म्हणजे प्रोग्राम काय करतो त्याच्या नोंदी (लॉग) लिहिणारं पॅकेज, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. आमचं छोटंसं ऑफिस आहे नागपुरात, संत्र्याच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या बनवणारी एक सर्व्हिस चालवतो. आधी ती जावात होती, आणि बाहेरची लायब्ररी नको म्हणून लॉगिंगही जावाचं घरचंच. त्यात लेव्हल, म्हणजे नोंद किती महत्त्वाची त्याच्या पायऱ्या, किती, तर सात! सिव्हिअर, वॉर्निंग, इन्फो, कॉन्फिग, फाइन, फाइनर, फाइनेस्ट. आता फाइन आणि फाइनरमध्ये फरक काय बावा, तीन सीनियरांना विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या.

एकदा ऐन सीझनमध्ये पावत्या डबल निघून राहिल्या होत्या, बारीक नोंदीही दिसाव्या म्हणून रात्री मी लॉगर फाइनवर टाकला, रीस्टार्ट केलं, स्क्रीनवर काहीच नाही, परत केलं, तरी नाही, दीड तासानं कळलं की कन्सोल हँडलरची, म्हणजे नोंदी स्क्रीनवर टाकणाऱ्या भागाची, लेव्हल वेगळी असते आणि ती मुळात इन्फोवरच असते. म्हणजे नळ उघडून बसलो आणि गच्चीवरचा वॉल्व्ह बंद.

मग सर्व्हिस गोमध्ये लिहिली. स्लॉग तिथं स्टँडर्ड लायब्ररीतच मिळतं, १.२१ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२३. डीबग, इन्फो, वॉर्न, एरर, संपलं. आणि फेटल नाहीच! मला तर हेच सगळ्यात आवडलं. गोच्या जुन्या लॉग पॅकेजमध्ये फेटल आहे, ते मेसेज छापतं आणि सरळ प्रोग्रामच बंद करतं, डिफर केलेलं, म्हणजे शेवटी करायला ठेवलेलं, काहीच चालत नाही. आमच्या एका पोरानं ते आत कुठंतरी टाकून ठेवलं होतं, एका गाडीचं वजन रिकामं आलं आणि अख्खी सर्व्हिस झोपली, बफरमधल्या पावत्या फाइलीत गेल्याच नाहीत. लॉग लिहिणाऱ्यानं लॉग लिहावा नं, दुकानाचं शटर काहून ओढावं?

लेव्हलव्हार, म्हणजे चालता चालता बदलता येणारी लेव्हल, ती पण मस्त आहे, चालू सर्व्हिसमध्ये डीबग लावता येतो, फक्त त्यासाठी एखादा एंडपॉइंट (बाहेरून हुकूम द्यायचा पत्ता) वगैरे आपल्यालाच लिहावा लागतो.

आता तक्रारी. लेव्हलचे आकडे उणे ४, ०, ४, ८ असे आहेत, ओपनटेलिमेट्री या लॉग वगैरेंच्या सामायिक स्टँडर्डशी जुळावे आणि मधे जागाही राहावी म्हणून. पण जागा दिसली की माणूस तिथं खुर्ची टाकतोच. आमच्यातल्या एकानं २ वर स्वतःची नोटीस लेव्हल बनवली आणि लॉगमध्ये 'इन्फो अधिक २' छापून येऊ लागलं, सपोर्टवाल्या ताई विचारत होत्या की हे दोन कशाचे. नाव बदलता येतं पण ते रिप्लेसअॅट्र नावाचं फंक्शन लिहीत कोण बसणार, ती लेव्हलच उडवली. दुसरं म्हणजे नोंदीत तपशिलाचं नाव (की) दिलं आणि त्याची व्हॅल्यू विसरलो तर कंपाइलर चूप, लॉगमध्ये बॅडकी दिसतं. गो व्हेट हे कोड तपासणारं टूल पकडतं म्हणा, चालवलं तर.

आणि वॉर्न. वॉर्न कोण वाचते, सांगा बरं? काही करायचं असेल तर एरर, नसेल तर इन्फो. गोवाल्यांनी तोही काढायला हवा होता, म्हणून पाचातून चारच स्टार. आमच्याकडे आता नियम आहे, कोड रिव्ह्यूत ज्याचा वॉर्न सापडला त्यानं सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे. मागच्या आठवड्यात मीच सापडलो, सहा प्लेटी.