घरच्या लोडरला तेल कुठून द्यायचं, लिफ्टचं की वेगळ्या पंपाचं?

शेणखत भरायला गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचा लोडर बनवून घेणारे आता बरेच झालेत, आणि चॅनेल किती जाड, बकेट किती रुंद हे सगळं ठरलं तरी शेवटी एक प्रश्न उरतोच की बकेट उचलणाऱ्या सिलिंडरला दाबाचं तेल कुठून घ्यायचं. मी ४५ एचपीच्या ट्रॅक्टरवर आधी तीन वर्षं ट्रॅक्टरचंच तेल, म्हणजे गिअरबॉक्समधलं लिफ्टचं तेल वापरलं आणि आता पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) वेगळा पंप लावलाय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

ट्रॅक्टरच्या तेलावर खर्च कमी, यात वाद नाही. दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह सीटजवळ बसवायचा, पाइप प्रेस करून आणायचे, काम झालं. मागची बाजू मोकळी राहते, त्यामुळे भरून झालं की तोच ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडून निघता येतं. आता काही जण म्हणतात लोडर उचलला की गिअरबॉक्सचं तेल कमी पडतं, तर मला तसा त्रास झाला नाही. माझे उचलायचे दोन सिलिंडर ८० एमएमचे, रॉड ५० चा, स्ट्रोक ६०० चा, म्हणजे दोन्हीत मिळून ६ लिटर तेल जातं पण दुसऱ्या बाजूने पावणेचार लिटरच्या आसपास परत येतं, फरक फक्त रॉडच्या जाडीचा. ट्रॉलीच्या जॅकचं तसं नाही, तो एकाच बाजूने भरतो, त्याला लागणारं सगळं तेल गिअरबॉक्समधूनच जातं.

मला त्रास झाला तो वेगळाच. सिलिंडर भंगारबाजारातून घेतलेले, सील नवीन टाकलं होतं, पण एका रॉडच्या क्रोमला हाताच्या तळव्याएवढ्या भागात बारीक ठिपके पडलेले, बोट फिरवलं तर खरखरीत लागायचं. उकिरड्यातलं काम म्हणजे रॉडला ओलं शेण आणि माती चिकटणारच, आणि रॉड आत जाताना ते ओलं थोडं थोडं सीलमधून आत जाणारच. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात डिपस्टिक काढली तर तेल दुधाच्या चहासारखं. पलटी नांगर उचलताना लिफ्ट झटके मारत होती त्याचं कारण तेव्हा कळलं. माझ्या ट्रॅक्टरला ऑइल ब्रेक आहेत, म्हणजे गिअर, लिफ्ट आणि ब्रेक सगळं एकाच तेलात, आणि दोनेकशे रुपयांच्या सीलमुळे ते सगळंच तेल बदलावं लागलं, तेही ऐन नांगरटीत. पैशापेक्षा मला ते ब्रेकचं जास्त लागलं.

वेगळ्या पंपाचं म्हणाल तर २० सीसीचा गिअर पंप, पीटीओचे ५४० फेरे तिप्पट करणारा छोटा गिअरबॉक्स, म्हणजे १६०० च्या आसपास, हिशोबाने मिनिटाला ३२ लिटर. पंप आणि त्याच्या तेलाची वेगळी टाकी एकाच फ्रेमवर, मागे थ्री पॉइंटला, म्हणजे अवजारं जोडतात तिथे. टाकीचं वजन मागे पडतं त्यामुळे भरली बकेट वर असताना मागची चाकं हलकी होत नाहीत, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. बकेट चटकन उचलते, पूर्वी सकाळी चार ट्रॉल्या व्हायच्या त्या आता सहा होतात, घड्याळ लावून काही बघितलेलं नाही. अडचण एवढीच की ट्रॉली ओढायची तर फ्रेम उतरवा नाहीतर दुसरा ट्रॅक्टर हवा. आमच्याकडे भावाचा आहे म्हणून भागतं, एकच ट्रॅक्टर असेल तर तुम्हाला हे जड जाईल. खर्चही जवळपास दीडपट झाला.

वर्षातून आठ-दहा ट्रॉल्याच भरायच्या असतील आणि सिलिंडर नवीन असतील तर ट्रॅक्टरच्या तेलावर चालेल, उगाच खर्च करू नका, फक्त गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. पण सिलिंडर जुने आणि काम शेणामातीतलं असेल तर मी तरी परत गिअरबॉक्सचं तेल बाहेर काढणार नाही.

आणि टाकी बनवताना तळाला ड्रेन बोल्ट नक्की ठेवा, परतीच्या पाइपला फिल्टर लावा, वेल्डिंगची घाण आतून घासून काढा. टाकीतल्या ६८ नंबरच्या हायड्रॉलिक तेलात पाणी रात्रभरात खाली बसतं. पावसाळ्यानंतर मी सकाळी ट्रॅक्टर चालू करायच्या आधी तो बोल्ट सैल करतो, आधी पाण्याची धार येते, मग तेल दिसलं की आवळतो. गेल्या वेळी अर्धा तांब्या पाणी निघालं.