हरायला बरा खेळ : लीचेसवर सात-आठ महिने

आधीच सांगते, हा कुणा पट्टीच्या खेळाडूचा अभिप्राय नाही. साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी दीड ते चार गिऱ्हाईक तुरळक, पण शटर काही पाडता येत नाही, त्यामुळे तेवढा वेळ मी फोनवर खेळते. समोर खराखुरा माणूस असलेले खेळ गेल्या दोन-तीन वर्षांत बरेच करून पाहिले. भाच्याने बंदुकांचा लावून दिला, शेजारच्या मोबाइलवाल्याच्या मुलाने बुरूज पाडायचा पत्त्यांचा लावून दिला. दोन्ही सुटले. टिकलं ते बुद्धिबळ, तेही लीचेस नावाच्या संकेतस्थळावरचं. या खेळांबद्दल लिहिणारे बहुतेक जिंकणारे असतात, म्हणून मी मुद्दाम हरण्याबद्दल लिहिणार आहे. आपल्यासारख्या हौशी माणसाच्या वाट्याला तेच जास्त येतं.

बंदुकांच्या खेळाचं नाव घेत नाही, तुम्हाला कळेलच. शंभर जण विमानातून उड्या मारतात, चौघाचौघांच्या पंचवीस टोळ्या, शेवटी एक उरते. सगळे सारख्याच ताकदीचे धरले तरी पंचविसांतून एकदा तुमचा नंबर. सुरुवातीला मात्र असं वाटत नाही. पहिल्या आठवड्यात मी धडाधड माणसं टिपत होते आणि भाच्याला स्क्रीनशॉट पाठवत होते. तो म्हणाला, "मावशी, ते बॉट आहेत गं. माणसं अजून यायचीत." बॉट म्हणजे संगणकच चालवतो ते खेळाडू. मग माणसं आली. घरात शिरून बंदूक हातात घेईपर्यंत मी आडवी, आणि गोळी कुठून आली ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

तेही चाललं असतं. पण डाव अर्ध्या तासाकडे झुकला आणि काउंटरवर कुणी आलं, तर करायचं काय? थांबवायची सोय नाही, आणि आपण थांबलो तर बाकीचे तिघे अडकतात. "दोन मिनिटं, एका काकांना इन्सुलिन देऊन येते" असं तीन अनोळखी पोरांना सांगून बघा एकदा. माईक चालू केला की पहिलं वाक्य ठरलेलं : "अरे, बाई आहे रे." पुढची वाक्यं इथे लिहिण्यासारखी नाहीत. माईक बंद ठेवला तर शत्रू कुठल्या दिशेला आहे ते सांगता येत नाही, मग शिव्या टाइप होऊन येतात. हरल्याचं मला फारसं वाटत नव्हतं, पण माझ्यामुळे चौघं हरली हा हिशेब दुपारच्या विरंगुळ्यात नको होता.

पत्त्यांचा खेळ तीन मिनिटांत संपायचा, ते छान. पण समोरच्याचे पत्ते माझ्यापेक्षा वरच्या लेव्हलचे असायचे, आणि लेव्हल लवकर वाढवायचा एक रस्ता पाकिटातून जायचा. आपण कशाने हरलो, डोक्याने की खिशाने, हे ठरवता येईना. सोडला.

आता लीचेस. तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 साली हे सुरू केलं. आज फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते चालवते, खर्च देणग्यांवर भागतो. जाहिरात नाही, वर्गणी नाही, विकत घ्यायला काहीच नाही. देणगी दिली तर नावापुढे छोटंसं चिन्ह दिसतं, खेळात फरक शून्य. औषधांच्या धंद्यात राहून फुकट गोष्टीकडे मी संशयानेच बघते, त्यामुळे महिनाभर वाट पाहिली की कधीतरी 'प्रीमियम घ्या'ची खिडकी उघडेल. उघडली नाही. घरी यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता : "पैसे लावून नाही ना?" 2025 च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तेव्हा आमच्याकडे रमीवाल्या एका नातेवाइकाची बरीच चर्चा झाली होती. पट दाखवला, मग निवांत झाले.

खाली सांगते ते समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नवीन माणसाला इथे 1500 रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, मिळतं, पुढे प्रश्नचिन्ह लावून. म्हणजे तुम्ही कोण आहात ते अजून यंत्रणेला माहीत नाही. ग्लिको-2 नावाची ही पद्धत मार्क ग्लिकमन यांची, आणि तिचा पूर्वज म्हणजे आर्पाद एलो यांचं एलो रेटिंग, जे जागतिक बुद्धिबळ संघटना 1970 पासून वापरते. ग्लिकोत रेटिंगच्या सोबत अनिश्चितताही मोजली जाते. सुरुवातीला अनिश्चितता मोठी, म्हणून एकेका डावाला आकडा दणादण हलतो. माझा तर जिना उतरल्यासारखा उतरत गेला. काही दिवसांनी प्रश्नचिन्ह गेलं आणि आकडा एका जागी घुटमळायला लागला.

त्यानंतर मी निम्मे डाव जिंकते आणि निम्मे हरते. थोडं शिकले, आकडा वर गेला, की समोर येणारेही तेवढेच वरचे. पुन्हा निम्मे. एलोचं गणित साधं आहे : रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असेल तर वरचा चार डावांतले साधारण तीन गुण घेतो, चारशेचा असेल तर अकरा डावांतले दहा. यंत्रणा तुम्हाला जवळच्या रेटिंगचा माणूस शोधून देते, म्हणून निकाल अर्ध्यावर येतो. जोडी चांगली लावली याचा अर्थच हा की तुम्ही निम्म्या वेळा हरणार. शाळेत भाऊ-बहिणींना हरवून आपण बरं खेळतो असं ज्यांना वाटत होतं (त्यात मी आले), त्यांना हे पचायला जड जातं. भाचा आणि त्याचे मित्र त्यांच्या बंदुकांच्या खेळात रात्र-रात्र 'रँक पुश' करतात, म्हणजे वरचा दर्जा गाठायला खेळत राहतात. वर पोचतात आणि मग म्हणतात, "लॉबीत सगळे घाम गाळणारे आलेत, मजा येत नाही." वर गेल्यावर दुसरं कोण भेटणार होतं?

तेव्हा माझ्या मते अशा खेळात विचारायचा प्रश्न एकच : यात हरणं कसं आहे?

लीचेसवर हरणं आखूड आहे. दहा-दहा मिनिटांचा डाव जास्तीत जास्त वीस मिनिटं चालतो. ते एकट्याचं आहे, माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान नाही. आणि ते कळतं. डाव संपल्यावर विश्लेषण मागितलं की स्टॉकफिश नावाचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, प्रत्येक चाल तपासतं, डाव कुणाकडे झुकत गेला त्याचा एक आलेख येतो, आणि कुठल्या चालीला पाणी कुठे मुरलं ते दिसतं. हे विश्लेषणही जगभरच्या लोकांनी स्वतःचे संगणक उसने दिल्यामुळे चालतं. त्यातच 'चुकांमधून शिका' अशी सोय आहे : तीच स्थिती पुन्हा मांडून विचारतात, आता काय खेळाल? माझे दोन रोग त्यातूनच कळले. एक, कॅसलिंग करून राजा तीन प्याद्यांमागे सुखात बसवायचा आणि मग समोरच्याचा हत्ती शेवटच्या रांगेत उतरून मात करतो, कारण राजाला पळायला घरच नसतं. एक प्यादं वेळेत एक घर पुढे सरकवलं तर निभावतं. दुसरा, काळ्या मोहऱ्यांनी खेळताना वजिराच्या बाजूच्या उंटापुढच्या प्याद्याच्या घरात पांढरा घोडा येऊन बसतो, राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्ती गारद. पहिला रोग बराच बरा झालाय. दुसरा अजून अधूनमधून उलटतो.

इंजिनचे शेरे मनाला लावून घेऊ नयेत मात्र. आमच्या पातळीवर जिंकलेल्या डावाचा आलेखही चार वेळा वर-खाली गेलेला असतो. मी वजीर फुकट द्यायला ठेवला होता आणि समोरच्यानेही तो पाहिला नव्हता, हे नंतर वाचून मी दुकानात एकटी हसले आहे.

वेळेचा प्रश्न काही पूर्ण सुटत नाही. घड्याळ चालू असताना गिऱ्हाईक आलं की उठावंच लागतं. बुलेट, म्हणजे एकेका मिनिटाचा डाव, माझ्या कामाचा नाही. दहा मिनिटांचा ठीक, पण मला पंधरा अधिक दहा जास्त मानवतो : पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची भर. प्रिस्क्रिप्शन डॉक्टरांच्या अक्षरातलं नसेल तर तेवढ्यात परत येता येतं. वेळ संपून हरले तरी एक न्याय आहे, समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल तर बरोबरी मिळते. शिवाय टपालासारखे डावही आहेत, एका चालीला एक दिवसापासून चौदा दिवसांपर्यंत. भाच्याशी मी तसेच खेळते, रेटिंग न लावता.

नेट गेलं तर? आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज आणि वायफाय जोडीने जातात. घड्याळ पळत राहतं, काही वेळाने समोरच्याला 'विजय घ्या'चा पर्याय दिसतो, आणि मोबाइल डेटावर परत येईपर्यंत डाव गेलेला असतो. याची चिडचिड मी फार करत नाही. 2020 च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेच्या, रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात भारताचे दोन खेळाडू संपर्क तुटून वेळेवर हरले होते, त्यातली एक आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. संघाचा कप्तान नाशिकचा विदित गुजराथी. भारताने दाद मागितली आणि भारत-रशिया दोघांना सुवर्ण दिलं गेलं. मला कोण दाद देणार, म्हणून मी दुसरा डाव लावते. पुढे त्याच दिव्याने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या दोन पोरींनी लीचेसवर खाती उघडली.

माणसं इथेही माणसंच आहेत. मात दिसायला लागली की चाल न खेळता घड्याळ संपेपर्यंत नुसते बसून राहणारे भेटतात. समोरच्याची वेळ वाया घालवणं एवढाच त्यांचा बदला. कधी कुणी इंजिन लावून खेळतो. पकडला गेला की 'तुमचे इतके गुण परत' असा निरोप येतो. चॅट मी पहिल्या महिन्यातच बंद केलं, त्यामुळे शिव्यांचा विषय संपला. जो उपद्रव होतो तो काउंटरच्या अलीकडून नाही, पलीकडून. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक निवृत्त गुरुजी काचेवरून वाकून बघतात आणि म्हणतात, "ताई, उंट फुकट चाललाय." मदत घेऊन रेटिंगचा डाव खेळणं नियमात बसत नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलंय. आता ते बोलत नाहीत, नुसता च्च असा आवाज काढतात. तो नियमात बसतो का, ते कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट हा खेळ देत नाही, सोबत. भाच्याची टोळी म्हणजे त्याचे शाळेतले मित्र. आता एक पुण्यात, एक सुरतेत, एक इथेच. रात्री माईकवर ती पोरं एकमेकांवर ओरडतात, हसतात, गोळ्या मधूनमधून झाडतात. तो खेळ त्यांचा कट्टा आहे, आणि ओळखीची चार माणसं असतील तर हरण्याचं ओझंही चौघांत वाटलं जातं. तुम्हाला गप्पा हव्या असतील तर माझं ऐकू नका, तिकडेच जा.

घेणार असाल तर पहिल्या दिवशी एवढं करा. सेटिंगमध्ये रेटिंग न दाखवण्याचा पर्याय आहे, तो निवडा. आकडा आत मोजला जातो, तुमच्या डोळ्यांसमोर नाचत नाही. रोज वजनकाट्यावर चढणाऱ्या माणसासारखी माझी गत झाली होती, ती याने थांबली. चालीची खात्री विचारणारा पर्यायही आहे, बोट घसरून वजीर भलत्या घरात पडणाऱ्यांनी तो चालू करावा, सेकंद-दोन सेकंद जातात एवढंच. आणि सलग दोन हरलात तर तिसरा डाव लावण्याआधी त्या दोनांचं विश्लेषण बघा. मला तोवर बहुतेक गिऱ्हाईक आलेलं असतं.