कारच्या सेटची वायर तुटली : जोड, नवा कपलर की नवा सेट?

ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर आसरा शोधत बाहेर पडतात, हे कागलकडच्या माणसाला सांगायला नको. पाव्हण्यांच्या गुऱ्हाळाशेजारी आमची गाडी दोन रात्री उभी होती. तिसऱ्या दिवशी चावी फिरवली तर गाण्यांचा सेट मुका. पॅनल उचकटून बघितलं, तर मागच्या वायरींवर ताव मारलेला. लाल पूर्ण तुटलेली, पिवळी अर्धी कुरतडलेली आणि डाव्या पुढच्या स्पीकरची एक लोंबकळत होती.

मग सल्ले सुरू झाले. उद्यमनगरातला एक वायरमन म्हणाला, "पिळा मारून टेप गुंडाळतो, दहा मिनिटांचं काम." ॲक्सेसरीजच्या दुकानात ऐकलं, "जुनं कशाला जपताय, अँड्रॉइड सेट बसवू." मित्र म्हणाला, "भावा, सोल्डर कर, विषय संपला." गंमत म्हणजे पिळा-टेप सोडला तर बाकीचे सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. आधी दोन गोष्टी बघायच्या : तुटलेली वायर कसली आहे, आणि ती नेमकी कुठं तुटलीय.

बाहेरून बसवलेल्या बहुतेक सेटना रंग ठरलेले असतात. पिवळी बॅटरीची, चावी काढली तरी जिवंत. घड्याळ आणि स्टेशनं तिच्यावर लक्षात राहतात. लाल चावीवरची. काळी अर्थिंगची. निळी अँटेना किंवा ॲम्प्लिफायर चालू करायला. स्पीकरच्या जोड्या पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूच्या वायरींना मात्र हा नियम लागू नाही, कंपनी आपले रंग वापरते. तिथं मल्टिमीटर लावूनच खात्री करायची. चावी बंद केली की दर वेळी स्टेशनं पुसली जात असतील, तर बहुधा पिवळी-लाल उलट जोडल्यात. दोन्ही मिळून थेट बॅटरीवर टाकल्या असतील, तर सेट चावीनं बंदच होत नाही आणि आठवडाभर उभी राहिलेली गाडी ढकलायची वेळ येते.

पिळा-टेप, सोल्डर, क्रिंप

पिळा मारून काळी टेप ही रात्री हायवेवर अडकलात तर करायची गोष्ट. मागं एकदा मीही दहा मिनिटांवर भाळून तेच करून घेतलं होतं. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तापतो, टेपचा गोंद पातळ होऊन चिकट चिखल होतो आणि गुंडाळी घसरते. माझी पिवळी अशीच उघडी पडून लोखंडी पट्टीला टेकली आणि फ्यूज उडाला. तो उडाला हे नशीब. फ्यूज १० अँपिअरचा असेल तर परत १०चाच घाला. तिथं २०चा किंवा सिगारेटची चांदी घालणारा माणूस गाडी पेटवायच्या तयारीत असतो.

सोल्डरचा, म्हणजे कथील वितळवून केलेला जोड वीज उत्तम वाहून नेतो आणि सामान कमी लागतं. २५ ते ४० वॅटची सोल्डरिंग इस्त्री, रोझिनवालं सोल्डर आणि हीट स्लीव्ह (गरम केली की आकसून जोडाला घट्ट बसणारी नळी). प्लंबिंगचं ॲसिडवालं फ्लक्स चुकूनही वापरू नका, तांबं हिरवं पडतं. स्लीव्ह जोडाच्या आधी वायरीत ओवायची. हे सगळेच एकदा विसरतात आणि जोड तोडून पुन्हा करतात. तापवायची ती वायर, सोल्डर आपोआप तिच्यात शिरलं पाहिजे. सगळे जोड एकाच जागी न ठेवता मागं-पुढं ठेवा, म्हणजे एखादी स्लीव्ह सुटली तरी शेजारणीला चिकटणार नाही.

सोल्डरची दुखणी दोन. आत शिरलेलं सोल्डर वायर कडक करतं आणि जिथं कडक भाग संपतो तिथं हादऱ्यानं ती तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर मुख्य जुडग्याला बांधायची, हवेत लोंबकळू द्यायची नाही. दुसरं, डॅशबोर्डच्या आत डोकं घालून गरम इस्त्री धरणं हे कसरतीचं काम आहे. प्लॅस्टिकला भोक पडलं की त्याची किंमत जोडापेक्षा जास्त.

गाडीच्या कारखान्यात वायरींना सोल्डर नाही, क्रिंप केलेला असतो, म्हणजे धातूच्या तुकड्यात वायर घालून तो दाबलेला असतो. आपणही बट कनेक्टर (दोन्ही बाजूंनी वायर घालायची छोटी नळी) घेऊन चांगल्या क्रिंपरनं, म्हणजे दाबायच्या खास पकडीनं दाबला, तर जोड हादऱ्याला जास्त टिकतो आणि इस्त्री तापवावी लागत नाही. लाल कनेक्टर साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीला, निळा १.५ ते २.५ला. सेटच्या वायरीला बहुतेक वेळा लालच बसतो. साध्या पकडीनं चेपलेला क्रिंप मात्र पिळ्याचाच सख्खा भाऊ. दाबून झाल्यावर वायर ओढून बघा, हातात आली तर पुन्हा. टेबलावर बसून करायचा जोड सोल्डरचा, गाडीत वाकून करायचा तो क्रिंपचा, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

जोडायचं की कपलर बदलायचा

एकच वायर, आणि तीही मधोमध तुटली असेल, तर जोड. पण सेटच्या मागं कपलरला (वायरी एकत्र खोचायच्या प्लगला) लागूनच तुटली असेल तर पकडायला जागाच नसते. तीन-चार वायरी गेल्या असतील किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तेव्हा वायरीसकट तयार कपलरच घ्यावा. आयएसओ चौकटीचा, म्हणजे ठरलेल्या प्रमाण मापाचा असेल तर काहीशे रुपयांत मिळतो. काही ब्रँडच्या सेटना मात्र मागं स्वतःची वेगळी पिन असते, तेव्हा दुकानात जाताना जुना कपलर खिशात असू द्या. वॉरंटीतल्या गाडीत तर कंपनीच्या वायरीला कात्रीच लावू नये. गाडीच्या कपलरमध्ये थेट बसणारा अडॅप्टर घेतला की दोन्ही बाजू शाबूत राहतात.

आयएसओमध्येही एक खोडी आहे. काही गाड्यांत बॅटरीची आणि चावीची पिन (४ आणि ७) अदलाबदल असते. "बसला म्हणजे झालं" म्हणू नका, मीटर लावा.

जिथं जोडाचा नादच सोडायचा

अँटेनाची वायर आतून तार आणि बाहेरून जाळी अशी असते. पिळा मारलात तर जोतिबाच्या घाटात रेडिओ नुसता खरखरेल. यूएसबीची केबल जोडल्यावर चार्जिंग होतं, पण गाणी वाचता वाचता अडकतात. दोन्ही केबली अख्ख्या बदला. दरवाज्याच्या रबरी नळीतून स्पीकरला जाणारी वायर दरवाजा उघडताना दर वेळी वाकते, तिथला सोल्डर फार दिवस टिकणार नाही. तो तुकडा नवा, पूर्ण लांबीचा ओढा. आणि उघडमीट होणाऱ्या किंवा निघणाऱ्या पॅनलची चपटी रिबन केबल तर जोडताच येत नाही. पट्ट्यांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि लांबी जुळवून तीच नवी घालायची. ती मिळत नसेल, तर नव्या सेटचा विचार खरोखर पटण्यासारखा.

एरवी वायरीसाठी नवा सेट म्हणजे चप्पलचा अंगठा तुटला म्हणून नवी कापशी जोडी घेणं. नवा सेटही त्याच कुरतडलेल्या वायरींवर बसणार आहे, हे दुकानदार सांगत नाही.

घरी की वायरमनकडं

स्पीकरची किंवा लाल वायर घरी करायला हरकत नाही, बॅटरीची निगेटिव्ह आधी काढून. काही सेट बॅटरी काढल्यावर कोड मागतात, तेवढा हाताशी ठेवा. स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला अर्थ करू नका. आताच्या सेटच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरच्याच असतात, सेट 'प्रोटेक्ट'मध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होईल, किंवा कायमचा झोपेल. स्पीकरची उलटसुलट कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, कोन बाहेर उडाला की सेलच्या प्लसची बाजू स्पीकरची प्लस. स्टिअरिंगजवळ पिवळी नळी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, हात मागं. ते काम जाणत्याचं.

वायरमनकडं गेलात तर भाव करण्याआधी एवढंच विचारा, "स्लीव्ह घालणार का टेप?"

आमच्या गाडीत शेवटी कपलर नवा घेतला. त्याच्या वायरी घरी टेबलावर अडॅप्टरला सोल्डर केल्या आणि दोन्ही टोकं गाडीत नुसती खोचली. सगळं जुडगं कापडी टेपनं गुंडाळलं. आता गुऱ्हाळावर गेलो की गाडी डांबरी रस्त्यावर लावतो आणि काकवीचा डबा हातात धरून चालत येतो.