नळीच्या तोंडावरचे आटे आणि सप्रेसर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

खास बनवून घेतलेल्या .३०८ (सुमारे ७.६२ मिलिमीटर छिद्राच्या) रायफलवर सप्रेसर (गोळीबाराचा आवाज कमी करणारे, नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचे नळकांडे) वापरायला लागून आता नऊ महिने झाले. रायफल आणि सप्रेसर दोन्ही माझ्या परवान्यावर नोंदलेले आहेत व आटे पाडण्याचे कामही परवानाधारक कारागिराकडूनच करून घेतले आहे. सुमारे सातशे गोळ्या झाडल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, आट्यांच्या आकारावर आपण जेवढा खल करतो, त्याच्या निम्मेही लक्ष आट्यांमागच्या खांद्याकडे (आटे संपतात तिथली, सप्रेसर जिला टेकतो ती सपाट कड) देत नाही, आणि गडबड बहुधा तिथेच होते.

माझ्या नळीचा तोंडाकडचा व्यास १९ मिलिमीटर आहे. १/२ × २८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) हा आटा .२२ आणि ५.५६ या लहान छिद्राच्या रायफलींसाठी सर्रास वापरला जातो, पण .३०८ च्या नळीवर तो पाडला तर आट्यांच्या तळाशी नळीची भिंत जेमतेम २ मिलिमीटर उरते, म्हणून तो मी लगेच बाजूला ठेवला. एम १८ × १ (१८ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर अंतराचे आटे) मध्ये भिंत भक्कम राहते खरी, परंतु खांद्याला चोहोबाजूंनी अर्धा मिलिमीटरच जागा मिळते. ५/८ × २४ मध्ये हाच खांदा दीड मिलिमीटरहून रुंद होतो आणि भिंतही ३ मिलिमीटरहून जाड राहते. निर्णय या हिशेबाने झाला.

तरीही पहिल्या खेपेला काम फसले. गोळी झाडण्यापूर्वी खांद्यावर निळी शाई लावून सप्रेसर हाताने घट्ट बसवला आणि पुन्हा काढून पाहिला, तर शाई अर्ध्याच वर्तुळावर उमटली होती. नळीत तपासणीची सरळ सळई घातल्यावर सप्रेसरच्या बाहेरच्या तोंडाशी ती मधोमध न येता छिद्राच्या एका कडेला स्पष्ट जवळ दिसली. सप्रेसर सरळ बसतो तो खांद्याच्या आधाराने, आट्यांच्या नव्हे. खांदा नळीच्या छिद्राशी काटकोनात नसेल, तर गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासू शकते. कारागिराने नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाऐवजी छिद्राचा अक्ष धरून लेथवर नळी पुन्हा लावली व खांदा नव्याने साफ केला, तेव्हा शाई पूर्ण वर्तुळावर उमटली.

त्यानंतरचा अनुभव समाधानकारक आहे. सप्रेसर लावला की १०० मीटरवर निशाणा थोडा खाली येतो, पण दर वेळी तेवढाच. म्हणून दुर्बिणीचा नेम सप्रेसरसहच जुळवला आहे. चुरगळणारा वॉशर मात्र मध्ये कधीही घालू नये, कारण तो एकसारखा दबत नाही. काजळीचा त्रास खरोखर आहे: एकदा आटे इतके चिकटले की सप्रेसर निघेना. तेव्हापासून दर सत्रानंतर ब्रशने आटे स्वच्छ करतो आणि उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर देतो. कानावरचे संरक्षण मी सप्रेसर असतानाही काढत नाही. धातू तापला की पकड सैल होऊ शकते, म्हणून दर दहा गोळ्यांनंतर रायफल रिकामी करून, हातमोजा घालून, सप्रेसर घट्ट आहे ना हे एकदा पिळून पाहतो.