चतुर्थीच्या अंथरुणांसाठी व्हॅक्यूम पिशव्या: घ्या, पण मोजून

चतुर्थीला मुंबई-पुण्याची माणसे घरी येतात, म्हणून गोव्यातल्या कितीतरी घरांत दहा-बारा जणांचे अंथरूण-पांघरूण वर्षभर सांभाळलेले असते. माळ्यावर, दिवाणाच्या पोटात, नाहीतर जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत. भाद्रपदाच्या तोंडावर ते काढले की आधी कुबट वास बाहेर येतो. हवा काढून दाबायच्या व्हॅक्यूम पिशव्या याच कामासाठी घेतल्या जातात, आणि ते काम त्या करतात. मात्र पाकिटावर ‘पसारा कमी करा’ असे लिहिलेले असेल तर त्यावर जाऊ नका. पसारा तेवढाच राहतो, फक्त चपटा होतो.

घेताना पिशवीवर ‘पीए+पीई’ लिहिलेले पाहा. म्हणजे नायलॉन आणि पॉलिएथिलीन असे दोन थर. नुसत्या पातळ पॉलिएथिलीनमधून हवा लवकर परत शिरते. 60×80 सेंटिमीटरच्या पिशवीत एका माणसाची रजई बसते, 80×110 मध्ये दोघांची. याहून मोठी नको. हवा काढल्याने आकार घटतो, वजन नाही, आणि भरलेली मोठी पिशवी शिडीवरून माळ्यावर चढवताना हे चांगलेच कळते. पिशवीवरच्या भरण्याच्या रेषेपुढे कपडे गेले तर चेन लागली तरी टिकत नाही.

चेनीत एकाला एक लागून दोन पट्ट्या असतात. सरकपट्टी एकदा जाताना, एकदा येताना फिरवा, मग अंगठा आणि बोट दाबून सगळी लांबी तपासा. गळती बहुतेक वेळा कोपऱ्यातल्या शेवटच्या दोन सेंटिमीटरांत होते, कारण सरकपट्टी तिथवर नीट पोचत नाही. खाचेत एखादा केस किंवा सुताचा धागा अडकला तरी पुरे. दुसरी जागा म्हणजे झडप. झाकणाखाली रबराची पातळ चकती असते. तिच्यावर कापसाचे तंतू बसले की पिशवी रात्रभरात फुगते. कोरड्या फडक्याने पुसली की पुन्हा चालते. लोक इथेच पिशवी फेकून देतात, उगाच.

हातपंप लहान पिशवीला ठीक. मोठीला व्हॅक्यूम क्लीनर लावा, पण पिशवी फळीसारखी कडक झाली की लगेच बंद करा. हवेची वाट बंद असताना यंत्र चालू ठेवले तर मोटर तापते. नंतर पिशवी 24 तास जमिनीवरच ठेवून बघा. तशीच राहिली, तर वर चढवा. उशीच्या अभ्र्याची चेन, हूक, बटणे आतल्या बाजूला घडी घाला. बारीक भोके तिथूनच पडतात.

आता गोव्यातली खरी अडचण: ओल. हाताला कोरडा लागणारा कापूसही हवेतले पाणी धरून असतो, 65 टक्के आर्द्रतेला वजनाच्या साधारण 8 टक्के. म्हणजे तीन किलोच्या कापसाच्या गादीत पाव लिटरच्या आसपास पाणी. जुलैत तर आर्द्रता याहून कितीतरी वर असते. अशी गादी प्लॅस्टिकमध्ये कोंडली की बुरशीची सोय आपणच केली म्हणायची. 50 ग्रॅमची सिलिका जेलची पुडी फार तर 15 ग्रॅमच्या आसपास पाणी शोषेल, तिने काय होणार? पुडी टाका, पण उन्हाच्या बदली नव्हे. रंग बदलणारी घेणार असाल तर केशरी घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असते. कपाटात ठेवायचा कॅल्शियम क्लोराइडचा डबा पिशवीत कधीच घालू नका. त्यात खारट पाणी साठते, आणि ते सांडले की कापड गेलेच.

भरायची वेळ मार्च-एप्रिल. दोन दिवस कडक ऊन द्या, मधे उलटे करा, चारच्या आत घरात आणा. खोलीतल्या पंख्याखाली तासभर निवू द्या आणि लगेच भरा. गरम भरले तर आतून दव धरते. रात्रभर उघडे ठेवले तर वाळवलेले सगळे फुकट.

रजई आणि पॉलिएस्टर भरलेल्या उशा यांचा आकार सगळ्यात जास्त घटतो. चादरी, जीन्स, कुणबी साडी यांचा जेमतेम, त्यांना कपाटच बरे. पैठणी किंवा जरीचे काहीही दाबू नका, घडीवर जरीची तार तुटते. चामड्याच्या वस्तू आणि पिसांच्या उशा यांनाही या पिशव्या नकोत.

पण पिशव्यांचा संच मागवण्याआधी डोकी मोजा. गेल्या चतुर्थीला एका रात्री जास्तीत जास्त किती जण झोपले? तेवढे अंथरूण-पांघरुणाचे संच ठेवा, वर दोन. बाकीचे कशासाठी? पणजीत जानेवारीतही रात्रीचा पारा 20 अंशांच्या आसपास असतो, जाड रजयांचा ढीग इथे लागत नाही. धड चादरी धुऊन द्या. प्राण्यांच्या निवाऱ्यांनाही त्या लागतात, आधी फोन करून विचारा. विरलेल्या सुती चादरींचे फडके होतात. बुरशीचे डाग पडलेली उशी कोणालाही देऊ नये. आईच्या लुगड्याची गोधडी ठेवा, त्यावर वाद नको. एवढे झाले की सहाच्या संचातल्या दोन-तीन पिशव्या उरतात, असा आमचा अंदाज.

याचा तब्येतीशी संबंध आहे का? लॉस एंजेलिसमधल्या 30 जोडप्यांवरचा एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. आपल्या घराचे वर्णन करताना पसारा आणि अर्धवट कामे यांचाच पाढा वाचणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी दिवसभरात हवी तशी उतरत नव्हती. नमुना लहान आहे, आणि पसाऱ्यामुळे ताण की ताणामुळे पसारा, हे त्यावरून ठरत नाही. ओलीचे प्रकरण मात्र जास्त पक्के आहे. घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी व श्वसनाच्या त्रासाशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेत नोंदवले आहे. दिवाणाच्या पोटातला कोंबलेला ढीग म्हणजे डोक्याखालीच साठवलेली ओल. तो निम्म्यावर आला आणि दिवाण भिंतीपासून चार बोटे सुटला, की मागे वारा फिरतो, झाडूही पोचतो.

एका ठिकाणी मात्र बहुतेक घरांत घात होतो. गौरी-गणपती गेले, पाहुणे गेले, की धुतलेल्या चादरी-रजया त्याच आठवड्यात परत पिशवीत जातात. भाद्रपदात दोरीवर चार दिवस लोंबूनही रजईच्या आतला भाग वाळत नाही. ऑक्टोबरचे ऊन पडेपर्यंत त्या खुर्चीच्या पाठीवर, पंख्याखाली उघड्या राहू द्या. तेवढे दिवस खोली थोडी अस्ताव्यस्त दिसेल. रिकाम्या पिशव्या आतून पुसून, चेन उघडी ठेवून गुंडाळून ठेवा.